पाकिटावर पत्ता सरळ छापायचा कसा : उलट्या, आडव्या आणि अर्धवट छपाईवर टप्प्याटप्प्याने इलाज

पत्र झकास छापून येतं, पाकीट मात्र दगा देतं. पत्ता उलटा येतो, आडवा येतो, मागच्या बाजूला थेट फ्लॅपवर येतो, नाहीतर निम्माच येतो आणि उरलेला कुठे गेला ते कळत नाही. मग माणूस सेटिंगमध्ये शिरून दिसेल ते बटण दाबत सुटतो. एक ना धड, भाराभर चिंध्या! पाकिटांचा गठ्ठा संपत येतो आणि नक्की कशामुळे काय बदललं हेही लक्षात राहत नाही.

हे टाळायचं तर मुळात गोंधळ कुठे होतो ते आधी समजून घ्या. नेहमीचं लांबट डीएल पाकीट २२० मिमी लांब आणि ११० मिमी उंच असतं. वर्डसारख्या प्रोग्रॅमच्या लेखी ते तसंच, आडवं. पण घरगुती किंवा ऑफिसातला छोटा प्रिंटर ते आखूड बाजूने आत ओढतो. त्याच्या लेखी तोच कागद ११० मिमी रुंद आणि २२० मिमी लांब, म्हणजे उभा. त्यामुळे वाटेत कुणीतरी मजकूर ९० अंशांत फिरवायलाच लागतो. आता तो डावीकडे फिरवायचा की उजवीकडे? यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम. पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत बोलणाऱ्या ड्रायव्हरच्या वर्णन-फाइलीत तर यासाठी वेगळी नोंदच असते : अधिक ९० किंवा उणे ९०. म्हणून एका प्रिंटरवर बिनबोभाट चालणारं सेटिंग दुसऱ्यावर पत्ता उलटा छापतं. त्यात प्रिंटरचा किंवा तुमचा काही दोष नसतो.

साध्या ए-४ कागदाला हे सगळं खपून जातं, कारण तो दोन्हीकडून कोरा असतो आणि त्याला वर-खाली नसतं. पाकिटाला पुढची बाजू आहे, मागची आहे, वरची कड आहे आणि एका कडेला फ्लॅप आहे. चारही गोष्टी एकदम जुळाव्या लागतात.

माझा सल्ला सरळ आहे : सेटिंगला हात लावण्याआधी तुमचा प्रिंटर कागदाचं काय करतो ते कागदाच्या एका कोऱ्या पट्टीवर बघून घ्या. बऱ्याच तक्रारी ट्रेमध्ये पाकीट वेगळ्या प्रकारे ठेवल्यानेच मिटतात.

आणखी एक. दोन-चारच पाकिटं असतील तर पेन उचला आणि हाताने पत्ते लिहा. त्यासाठी एवढा खटाटोप म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पाकिटं बरीच असतील, किंवा हे काम वरचेवर करायचं असेल, तर पुढे वाचा.

जवळ काय हवं

- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, कात्री, पेन्सिल
- कोरे ए-४ कागद
- ज्या पाकिटांवर छापायचं आहे त्यांतलीच दोन-तीन जादा पाकिटं
- प्रिंटरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि त्याचं मॅन्युअल (कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकला की बहुधा मिळतं)
- प्रिंटर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. विंडोज पुष्कळदा प्रिंटर सापडल्यासापडल्या स्वतःकडचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. त्यावर पत्रं नीट छापली जातात म्हणून कुणाला शंका येत नाही. पण पाकिटाचे आकार, कागदाचा प्रकार, १८० अंश फिरवणं असे पर्याय त्यात नसतात किंवा मोजकेच असतात. हवा तो पर्याय दिसतच नसेल तर आधी ड्रायव्हर तपासा.

१. पाकीट मोजा

पाकिटाच्या पुडक्यावर आकार छापलेला असतो, तरी पट्टी लावून मोजाच. फ्लॅप बंद ठेवून लांबी आणि उंची मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. नेहमी भेटणारे आकार असे :

- डीएल : ११० × २२० मिमी (तीन सारख्या भागांत दुमडलेला ए-४ कागद यात बसतो)
- सी-६ : ११४ × १६२ मिमी
- सी-५ : १६२ × २२९ मिमी
- सी-४ : २२९ × ३२४ मिमी (ए-४ न दुमडता ठेवायला)
- नंबर १० : साधारण १०५ × २४१ मिमी (अमेरिकी माप)

पहिला सापळा इथेच आहे. डीएल आणि नंबर १० ही पाकिटं दिसायला जवळपास सारखी. वर्डमध्ये बऱ्याचदा नंबर १० आधीपासून निवडलेलं असतं आणि तुमच्या हातात असतं डीएल. लांबीत २१ मिमीचा फरक. मग पाकिटाची दिशा बरोबर असूनही सगळा मजकूर दोन सेंटिमीटर डावीकडे सरकतो आणि कोपऱ्यातला पाठवणाऱ्याचा पत्ता कापला जातो. माणूस समासाशी झटापट करत बसतो, चूक मात्र मापाची असते.

सी-४ पाकिटाची रुंदी २२९ मिमी. ए-४ पुरता बनवलेला प्रिंटर साधारण २१६ मिमीच्या पुढे कागद घेत नाही. तेव्हा त्यावर छापायचा नाद सोडा आणि चिकटवायचं लेबल वापरा.

२. कोऱ्या पट्टीवर प्रिंटरची चाल ओळखा

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा. सावकाश करा.

ए-४ कागदातून पाकिटाच्या मापाची पट्टी कापा. डीएलसाठी ११० × २२० मिमी. ही पट्टी आडवी धरा, जशी पत्ता वाचताना पाकीट धराल तशी. वरच्या लांब कडेलगत पेन्सिलने एक ठळक रेघ ओढा. ही रेघ म्हणजे फ्लॅपची कड समजा. मधोमध मोठं ‘पु’ लिहा, म्हणजे पुढची बाजू. डाव्या टोकाला ‘डा’, उजव्या टोकाला ‘उ’. पट्टी उलटून मागे ‘मा’ लिहा.

आता ट्रेकडे बघा. ट्रेच्या आत किंवा कडेला बहुधा प्लास्टिकमध्येच कोरलेलं पाकिटाचं छोटं चित्र असतं. मोबाइलचा टॉर्च लावला की ते स्पष्ट दिसतं. फ्लॅप कुठे हवी आणि कोणतं टोक आधी जायला हवं ते त्यावरून कळतं. चित्र नसेल तर अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा :

- कागद खालच्या ट्रेमधून घेऊन समोरच बाहेर टाकणारा प्रिंटर कागद आत वळवून घेतो. त्यात छापायची बाजू ट्रेमध्ये खाली तोंड करून असते.
- मागच्या बाजूने उभा कागद घेणाऱ्या इंकजेटमध्ये छापायची बाजू तुमच्याकडे असते.
- लेझर प्रिंटरची समोरची छोटी झडप, म्हणजे मॅन्युअल फीड किंवा मल्टिपर्पज ट्रे, यात बहुधा छापायची बाजू वर असते.

हा नुसता अंदाज, खात्री पट्टीच देईल. पट्टी आखूड बाजूने ट्रेमध्ये ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा : कोणतं अक्षर वर दिसतंय, कोणतं टोक आधी आत जातंय, रेघ कोणत्या हाताला आहे. फोटो काढायचा कंटाळा करू नका. पट्टी बाहेर आल्यावर ती कशी ठेवली होती यावर स्वतःशीच वाद होतो. मग पाकिटाचं माप निवडून तीन-चार ओळींचा पत्ता छापा.

बाहेर आलेल्या पट्टीला चार प्रश्न विचारा.

*छपाई ‘पु’ वर आहे की ‘मा’ वर?*
*ओळी लांब कडेला समांतर आहेत की आखूड कडेला?*
*पेन्सिलची रेघ अक्षरांच्या डोक्यावर आहे की पायाशी?*
*पत्ता हव्या त्या जागी आहे की वर-खाली, डावी-उजवीकडे सरकलाय?*

ओळी आखूड कडेला समांतर आल्या असतील तर तो मजकूर फिरवण्याचा घोळ आहे. तो पाकीट उलटसुलट करून सुटणार नाही, पाचव्या टप्प्यात बघू. ओळी लांब कडेला समांतर आहेत पण बाजू किंवा वर-खाली चुकलंय, तर सेटिंग न उघडता इथेच काम होतं :

- बाजू बरोबर, रेघ पायाशी : पट्टी न उलटता ट्रेमध्ये टोकाला टोक फिरवा. ‘डा’ आधी जात होतं, आता ‘उ’ आधी जाऊ द्या.
- बाजू चुकली, रेघ डोक्यावर : पट्टी उलटा, पण अशी की आधी आत जाणारं टोक बदलेल आणि रेघ त्याच हाताला राहील.
- बाजू चुकली, रेघ पायाशी : पट्टी वहीचं पान उलटतो तशी उलटा. आत जाणारं टोक तेच राहील, रेघ मात्र दुसऱ्या हाताला जाईल.

बरेच जण अडकतात ते इथेच. कागद उलटायचे दोन प्रकार आहेत, आणि चुकीच्या प्रकाराने उलटला की पत्ता बरोबर बाजूला येतो पण डोक्यावर उभा राहतो. मग वाटतं प्रिंटर मुद्दामच छळतोय. शंका आली तर पट्टी हातात धरून दोन्ही प्रकारे फिरवून बघा.

पट्टी बरोबर छापून आली की तिच्यावर बाण काढून ‘हे टोक आधी’ असं लिहा आणि जपून ठेवा. यापुढे पाकीट ठेवताना तीच तुमची खूण.

३. ड्रायव्हरला पाकिटाची ओळख करून द्या

प्रोग्रॅमला माप सांगितलं म्हणजे प्रिंटरला कळलं असं नाही. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’ मधून ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा, तुमचा प्रिंटर निवडा आणि ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ मध्ये जा. तिथे चार गोष्टी बघा :

- कागदाचं माप : एन्व्हलप डीएल (किंवा तुमचं जे असेल ते)
- कागदाचा प्रकार : एन्व्हलप
- कुठून घ्यायचा : मॅन्युअल फीड, मागचा ट्रे किंवा मल्टिपर्पज ट्रे, जिथे तुम्ही पाकीट ठेवणार तो
- दोन्ही बाजूंची छपाई : बंद

दोन्ही बाजूंची छपाई चालू राहिली तर काही प्रिंटर बाहेर आलेलं पाकीट पुन्हा आत ओढतात आणि ते तिथेच अडकून बसतं.

तुमचं माप यादीत नसेल तर ‘कस्टम’ माप तयार करा. इथे दुसरा सापळा : रुंदीच्या रकान्यात जवळजवळ नेहमीच आखूड बाजू लिहायची असते, कारण प्रिंटर तीच बाजू रुंदी समजतो. डीएलसाठी रुंदी ११०, उंची २२०. रुंदी २२० लिहिली की ड्रायव्हर माप नाकारतो, किंवा स्वीकारतो आणि पत्ता आडवा छापतो. ड्रायव्हरमध्ये कस्टम मापाची सोयच नसेल तर विंडोजच्या ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ मधल्या ‘फॉर्म्स’ पानावर नवं माप बनवता येतं. मॅकवर छपाईच्या खिडकीत कागदाच्या मापांच्या यादीत तळाशी ‘मॅनेज कस्टम साइझेस’ असतं.

प्रिंटरला स्वतःचा पडदा असेल तर त्यावरही ट्रेचं माप बदलावं लागतं. संगणक म्हणतो डीएल आणि प्रिंटरचा पडदा म्हणतो ए-४, असं झालं की प्रिंटर ‘कागद भरा’ असा संदेश देऊन ढिम्म उभा राहतो. ट्रेमध्ये पाकीट समोर दिसत असतं, तरीही.

४. प्रोग्रॅममध्ये पाकीट तयार करा

*वर्ड.* ‘मेलिंग्ज’ टॅबमध्ये ‘एन्व्हलप्स’ वर क्लिक करा. घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लिहा. पाठवणाऱ्याचा नको असेल तर ‘ऑमिट’ वर खूण करा. मग ‘ऑप्शन्स’. पहिल्या पानावर पाकिटाचं माप, फॉन्ट आणि पत्त्यांच्या जागा असतात. दुसऱ्या पानावर, ‘प्रिंटिंग ऑप्शन्स’ मध्ये, आपल्या दुखण्याचं मूळ असतं.

तिथे सहा छोटी चित्रं दिसतात. तीन उभ्या पाकिटांची, तीन आडव्या : डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. त्यांच्या खाली ‘फेस अप’, ‘फेस डाउन’ आणि ‘क्लॉकवाइज रोटेशन’. दुसऱ्या टप्प्यात प्रिंटरने जे दाखवलं त्याच्याशी जुळणारं चित्र निवडा. पाकीट आखूड बाजूने जात असेल तर उभ्या तिघांपैकी एक. ट्रेमधल्या, कागदाला कडेने धरणाऱ्या प्लास्टिकच्या सरकत्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी एकदम मध्याकडे येत असतील तर मधलं. त्यांतली एकच सरकत असेल आणि दुसरी कड स्थिर असेल तर त्या स्थिर कडेचं.

पाकिटाची दिशा चित्राशी जुळतेय पण पत्ता उलटा येतोय, आणि फ्लॅपमुळे पाकीट ट्रेमध्ये फिरवता येत नाही? तर ‘क्लॉकवाइज रोटेशन’ ची खूण बदला. हे बटण याचसाठी आहे. वर्ड सुरुवातीला जे चित्र निवडून दाखवतं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आणि प्रिंटर बदलला की हे पान पुन्हा उघडून बघा.

पत्ता देवनागरीत असेल तर एक छोटी गंमत : फॉन्टचा आकार वाढवूनही अक्षरं तेवढीच राहतात. वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या वेगळ्या रकान्यात ठेवतं. आकार तिथे बदला.

थेट ‘प्रिंट’ दाबण्यापेक्षा ‘ॲड टू डॉक्युमेंट’ दाबणं मला जास्त सोयीचं वाटतं. पाकीट वेगळ्या पानासारखं समोर दिसतं, पत्ता ओढून सरकवता येतो, फाइल जपून ठेवता येते. छापताना फक्त कर्सर पाकिटाच्या पानावर ठेवून ‘करंट पेज’ निवडा, नाहीतर पत्रही पाकिटाच्या ट्रेमधून निघायला बघेल.

*लिबरऑफिस रायटर.* ‘इन्सर्ट’ मेन्यूत ‘एन्व्हलप’. ‘फॉरमॅट’ पानावर माप, ‘प्रिंटर’ पानावर तशीच सहा चित्रं. इथे एक गोष्ट वर्डपेक्षा चांगली आहे : मजकूर उजवीकडे आणि खाली किती सरकवायचा ते आकड्यात लिहिता येतं.

*मॅक.* ‘काँटॅक्ट्स’ ॲपमधल्या छपाईच्या खिडकीत ‘एन्व्हलप्स’ ही शैली मिळते. पत्ता उलटा आला तर छपाईच्या ‘लेआउट’ भागात ‘रिव्हर्स पेज ओरिएंटेशन’ आहे.

*पीडीएफ.* कुणी तयार पाकीट पीडीएफमध्ये दिलं असेल तर ‘फिट’ नको, ‘ॲक्च्युअल साइझ’ निवडा. शिवाय ॲक्रोबॅट रीडर पान आपोआप उभं-आडवं करतो. तो ‘ऑटो’ पर्याय सोडून ‘पोर्ट्रेट’ किंवा ‘लँडस्केप’ स्वतः निवडा, म्हणजे निदान कोण काय करतंय ते कळेल.

५. तरीही चुकतंय? लक्षण बघून कारण शोधा

*पत्ता आखूड बाजूला समांतर, आडवा छापला जातो.* मजकूर एकतर कुणीच फिरवलेला नाही, नाहीतर दोघांनी फिरवलाय. फिरवण्याच्या तीन जागा असतात : दस्तऐवजाच्या पानाची दिशा, प्रोग्रॅमची छपाईची खिडकी आणि ड्रायव्हर. एकाच जागी फिरवा, बाकीच्या दोन सोडून द्या. माझी पसंती दस्तऐवजाला, कारण ते डोळ्यांना दिसतं आणि फाइलीबरोबर जपलं जातं. ड्रायव्हरमध्ये दिशा ‘पोर्ट्रेट’ वर परत आणा. काही प्रोग्रॅम ड्रायव्हरचं ऐकतात, काही आपलंच खरं करतात. म्हणून तीच फाइल एका ठिकाणाहून सरळ आणि दुसऱ्या ठिकाणाहून आडवी येऊ शकते. वर्डमध्ये ‘लेआउट’ मधलं ‘साइझ’ उघडून पान २२ × ११ सेंमी आहे ना, तेही बघा.

*पत्ता उलटा.* आधी पाकीट टोकाला टोक फिरवून बघा. फ्लॅप आड येत असेल तर ‘क्लॉकवाइज रोटेशन’, नाहीतर ड्रायव्हरमधलं १८० अंश फिरवणं. दोन्ही एकदम केलं की जैसे थे.

*पत्ता वर किंवा खाली सुमारे ५ सेंमी सरकतो, बऱ्याचदा पाकिटाबाहेरच जातो.* पट्टी लावा आणि मोजा, कारण हा आकडा सगळं सांगून टाकतो. ए-४ ची रुंदी २१० मिमी, डीएलची ११०. फरक १००, त्याचा निम्मा ५०. मजकूर नेमका ५० मिमी सरकला असेल तर प्रिंटर पाकीट मधोमध घेतोय आणि सॉफ्टवेअरला ते कडेला आहे असं वाटतंय, किंवा उलट. सी-६ पाकिटाला हाच आकडा ४८ येईल. वर्डच्या चित्रात डावीकडचं काढून मधलं निवडा, आणि ड्रायव्हरमध्ये माप अजून ए-४ च राहिलं नाही ना ते बघा.

*पत्ता डावीकडे किंवा उजवीकडे सुमारे २ सेंमी सरकतो.* डीएल आणि नंबर १० ची अदलाबदल. पहिला टप्पा पुन्हा बघा.

*अक्षरं आरशात दिसतात तशी.* कापडावर इस्त्रीने चित्र उमटवण्याच्या कागदासाठी इंकजेटच्या ड्रायव्हरमध्ये ‘मिरर इमेज’ असतं. कुणीतरी ते चालू ठेवलंय. बंद करा.

*कडेची अक्षरं कापली जातात.* प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाही, आणि पाकिटाच्या बाबतीत इंकजेटची न छापता येणारी जागा आणखी मोठी असते. सगळीकडून निदान १० मिमी सोडा.

*दर पाकिटागणिक पत्ता दोन-तीन मिमी इकडेतिकडे होतो.* हे सेटिंगचं काम नाही. पाकीट आत जाताना घसरतंय.

एका वेळी एकच गोष्ट बदला, पट्टीवर छापा, आणि काय बदललं ते त्याच पट्टीवर लिहा. नवी पट्टी कापायला लागणारा वेळ वाया जात नाही.

६. आता खरं पाकीट

पाकिटांचा छोटा गठ्ठा हातात धरून कडा मोकळ्या करा. आत हवा भरून फुगलेली पाकिटं टेबलावर ठेवून तळहाताने दाबा. आत जाणारी कड बोटाने घट्ट चेपा. फुगलेली कड हेच पाकीट तिरपं जाण्याचं आणि अडकण्याचं नेहमीचं कारण. सरकत्या पट्ट्या पाकिटाला जेमतेम टेकतील अशा लावा. घट्ट आवळल्या तर पाकीट मध्ये वाकतं, सैल ठेवल्या तर तिरपं जातं.

लेझर प्रिंटर असेल तर तापणारा रोलर लक्षात ठेवा. पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेली, धातूची चाप असलेली किंवा आधीच डिंक उघडा असलेली पाकिटं त्यात घालू नका, जोवर त्यांच्यावर लेझरसाठी चालतील असं लिहिलेलं नाही. प्लास्टिक किंवा डिंक रोलरला चिकटला तर खर्च पाकिटाचा राहत नाही. बऱ्याच लेझर प्रिंटरना मागचं दार असतं. ते उघडलं की पाकीट न वळता सरळ मागून बाहेर पडतं आणि सुरकुत्या कमी होतात. काहींमध्ये त्या दाराआड दोन छोट्या कळा असतात, शेजारी पाकिटाचं चित्र असतं. त्या खाली केल्या की रोलरचा दाब कमी होतो. काम झाल्यावर त्या पूर्ववत करा. विसरलात तर नंतरच्या पत्रांची शाई बोटाला लागेल.

आखूड बाजूला फ्लॅप असलेल्या पाकिटांचं गणित वेगळं. त्यांची फ्लॅप उघडी की बंद, आधी की शेवटी, हे प्रत्येक मशीनचं निराळं असतं. काही मोठ्या ऑफिस-मशीनांना तर उघड्या फ्लॅपसकट माप सांगावं लागतं. इथे मॅन्युअल उघडण्याला पर्याय नाही.

७. पुष्कळ पाकिटं एकदम छापायची असतील

वर्डच्या मेल मर्जमध्ये (यादीतले पत्ते एकेक करून आपोआप भरणारी सोय) ‘एन्व्हलप्स’ निवडलं की मापाची आणि छपाईची तीच खिडकी नव्याने उघडते. आधी एकट्या पाकिटासाठी केलेली निवड इथे आपोआप आली असेल असं धरून चालू नका, सहा चित्रांचं पान उघडून खात्री करा. मग सगळे पत्ते न सोडता ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ मध्ये १ आणि १ लिहून एकच पाकीट काढा. नीट आलं की थोडी थोडी सोडा. ट्रेमध्ये पाकिटं मोजकीच मावतात, आणि छापलेली पाकिटं एकमेकांवर घसरून बाहेर पडायच्या वाटेत अडकतात, म्हणून अधूनमधून उचलत राहा. इंकजेट असेल तर शाई वाळेपर्यंत ती एकमेकांवर दाबू नका.

यादीतला सर्वांत लांब पत्ता शोधून तो आधी छापून बघा. छोटा पत्ता नीट बसला म्हणून पाच ओळींचा बसेलच असं नाही.

हे जुळलेलं सेटिंग ड्रायव्हरमध्ये ‘एन्व्हलप’ अशा नावाने प्रीसेट म्हणून जपून ठेवा. नुसतं कायमचं सेटिंग बदललंत तर दुसऱ्या दिवशी साधं पत्र छापताना प्रिंटर पाकीट मागत बसेल.

८. ड्रायव्हर पाकिटाचं माप मान्यच करत नसेल तर

जुन्या प्रिंटरवर ही वेळ येते. मग प्रिंटरला पाकिटाचं नावच सांगू नका. दस्तऐवज ए-४, उभा ठेवा. प्रिंटर पाकीट मधोमध घेत असेल तर डीएल पाकीट पानाच्या डाव्या कडेपासून ५० मिमी ते १६० मिमी या पट्ट्यातून जाईल. आत जाणारं टोक पानाच्या वरच्या कडेला, म्हणजे लांबीत वरचे २२० मिमी तुमचे. त्या चौकोनात एक टेक्स्ट बॉक्स ठेवा, त्यात पत्ता लिहा आणि बॉक्स ९० अंश फिरवा. आधी ए-४ कागदावर छापा, त्यावर पाकीट ठेवून उजेडासमोर धरा आणि पत्ता कुठे पडतो ते बघा. जुळलं की कोऱ्या पट्टीवर, आणि मग पाकिटावर. उलटा आला तर बॉक्स उरलेल्या दिशेने, २७० अंश फिरवा आणि चौकोनातली जागा पुन्हा जुळवून घ्या.

कागदाची लांबी स्वतः मोजणारे प्रिंटर ही युक्ती चालू देत नाहीत. पाकीट ए-४ पेक्षा लवकर संपलं की त्यांना कागद अडकल्यासारखं वाटतं आणि ते थांबतात. तसं होत असेल तर ए-४ च्या लेबल-शीटवर सगळे पत्ते छापा आणि पाकिटांवर चिकटवा.